आजोबांच्या कथा आणि वाढीव दहा वर्षं

पत्र:

नमस्कार. माझे आजोबा कथालेखक होते. 1968 साली ते गेले. त्यांचे सात कथासंग्रह आहेत, त्यातले दोनच आज मिळतात. त्या दोन पुस्तकांचं मानधन वर्षातून एकदा मला आणि दादाला येतं. रक्कम फार नसते, पण पाकिटावर आजोबांचं नाव असतं, त्यामुळे ते उघडताना बरं वाटतं. गेल्या महिन्यात प्रकाशकांकडून एक निवेदन आलं. कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 ऐवजी 70 वर्षं करावी आणि ही वाढ जुन्या पुस्तकांनाही द्यावी, अशी मागणी आहे. त्यावर वारसांच्या सह्या हव्या आहेत. दादाने लगेच सही करून टाकली. त्याच आठवड्यात एका शिक्षकांचं पत्र आलं. ते अंध मुलांना शिकवतात. आजोबांच्या कथा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून मुलांना ऐकवायच्या आणि 2028 संपलं की सगळ्यांसाठी मोकळ्या करायच्या, असा त्यांचा विचार आहे. तोवर काही करायला त्यांचा जीव धजत नाही, म्हणून त्यांनी विचारलंय. मुदत वाढली तर त्यांना आणखी दहा वर्षं थांबावं लागेल आणि ते आताच साठीला आलेत. सही केली नाही तर दादा म्हणतो, आजोबांच्या कष्टांची तुला किंमत नाही. घरात आजोबांची एक ट्रंकही आहे. तिच्यात न छापलेल्या कथांच्या वह्या आहेत, पण तिला कोणी हात लावत नाही. जुन्या लेखनाची मुदत अशी मधूनच वाढवणं न्यायाचं आहे का? मी सही करू का?
– एक नात

उत्तर:

ताई,

माझं मत विचाराल तर सही करू नका. पण नुसतं 'नको' म्हणून तुमचं भागणार नाही. दादांशी बोलायचं तर हाताशी काहीतरी ठोस हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तारखा बघू. आजोबा लिहीत होते तेव्हा भारतात कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं होती. 1957 च्या कायद्यानेही ती 50 च ठेवली. आजोबा 1968 मध्ये गेले. मुदत पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणजे त्या हिशोबाने 31 डिसेंबर 2018 ला त्यांचे सातही संग्रह मोकळे व्हायचे होते. ते झाले नाहीत, कारण मधे रवींद्रनाथ ठाकुरांचा प्रश्न आला. ठाकूर गेले 1941 साली. त्यांच्या लेखनाचे हक्क त्यांनीच स्थापलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडे होते आणि ते 1991 च्या अखेरीस संपणार होते. मुदत संपायला चार दिवस उरले असताना, 28 डिसेंबर 1991 ला अध्यादेश निघाला. पुढे 1992 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 50 ची 60 वर्षं झाली. ही वाढ एकट्या ठाकुरांपुरती नव्हती. त्या दिवशी ज्यांची ज्यांची मुदत शिल्लक होती, त्या सगळ्या लेखकांना ती मिळाली. तुमच्या आजोबांनाही मिळाली, आणि तेव्हा त्यांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

म्हणजे 2019 पासून जे पाकीट तुमच्या हातात येतंय, त्याचं वचन आजोबांना लिहिताना कोणीच दिलेलं नव्हतं. त्यांनी कथा लिहिल्या त्या पन्नास वर्षांच्या बोलीवर. ही वरची दहा वर्षं त्यांच्या पश्चात, दुसऱ्याच कुणाच्या निमित्ताने आली. तुम्ही ते पैसे घेतले यात काही गैर नाही. कायद्याने जे दिलं ते तुम्ही घेतलं, त्याचं ओझं मनावर घेऊ नका. पण जुन्या लेखनाची मुदत वाढवली की काय होतं, हे कळायला तुम्हाला दूर कुठे जायची गरज नाही. त्या दहा वर्षांतली किती तरी वर्षं तुमच्या घरावरून गेली आहेत. त्यात काय झालं ते आठवून बघा. सातपैकी पाच संग्रह तेव्हाही मिळत नव्हते आणि आजही मिळत नाहीत. ज्यांच्याकडे छापायचा हक्क होता त्यांनी छापले नाहीत, आणि ज्यांना छापायचे असतील त्यांना हक्क नव्हता. वाढीव मुदतीने आजोबांची एकही कथा नव्या वाचकापर्यंत नेली नाही, पाच पुस्तकं मात्र आणखी दहा वर्षं अडवून ठेवली.

हे मी तावातावाने बोलतेय असं वाटलं तर माफ करा. मी बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं आहे आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एका दिवंगत लेखकाच्या विखुरलेल्या लेखांचं पुस्तक आम्ही तयार केलं होतं. जुन्या मासिकांतून लेख हाताने उतरवून घेतले होते. पानं इतकी जीर्ण होती की उलटताना कोपऱ्याचा तुकडा बोटाला चिकटून यायचा. शेवटचं प्रूफ मी तपासलं, समासात पेन्सिलीने खुणा केल्या. मग परवानगीचा प्रश्न आला. लेखकाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती. वारस पाच घरांत विखुरलेले. चार घरांतून होकार आला. पाचव्या पत्त्यावरची पत्रं परत येत राहिली. कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, हो म्हणणारा माणूस तेवढा सापडत नव्हता. ते प्रूफ संपादकांच्या कपाटात राहिलं. पुढे संपादकही गेले. मुदत लांबते तेव्हा कागदावर दहा वर्षं वाढतात. प्रत्यक्षात वारसांची आणखी एक पिढी वाढते, पत्ते बदलतात, आणि मासिकाचं उरलेलं पानही झिजतं.

आता न्यायाचा प्रश्न. तो तुम्ही नेमका विचारलाय, म्हणून त्यावर जरा थांबते.

कॉपीराइट हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. समाज लेखकाला म्हणतो, तू लिही, अमुक वर्षं तुझ्या परवानगीशिवाय कोणी छापणार नाही, मग ते सगळ्यांचं होईल. यात दोन वचनं आहेत, एक लेखकाला आणि एक वाचकाला. लेखकाला दिलेलं वचन मोडलं तर अन्याय होतो, हे आपल्याला चटकन कळतं. समजा उद्या कोणी म्हणालं, साठ फार झाली, चाळीस करू, आणि जुन्या पुस्तकांनाही तेच लावू. तुमचं मानधन त्याच दिवशी बंद होईल. तुम्ही म्हणाल, ठरलं होतं एक आणि केलं भलतंच. ते बरोबरच असेल आणि मी तुमच्या बाजूने उभी राहीन. मग तीच फूटपट्टी उलटीकडून लावायला हवी. त्या शिक्षकांनाही कायद्याने एक तारीख दिली होती, 31 डिसेंबर 2028. ती धरून त्यांनी आपल्या उरलेल्या वर्षांचा बेत केला. त्यांचं नुकसान पैशात मोजता येत नाही आणि त्यांच्याकडे कराराचा कागद नाही, एवढ्यावरून त्यांना दिलेलं वचन हलकं ठरत नाही.

फरक आहे तो एवढाच की मुदत वाढवायची चर्चा होते तेव्हा प्रकाशक आपलं म्हणणं मांडतात, वारसांच्या सह्या गोळा होतात. 2029 मध्ये ज्याने ती कथा उचलून नाटक केलं असतं, तिचं दुसऱ्या भाषेत रूपांतर केलं असतं, तो माणूस तिथे नसतो. त्याला स्वतःलाही अजून माहीत नसतं की आपण ते करणार आहोत. गैरहजर माणसाच्या खिशातून काढणं सोपं असतं.

आणि हे सहसा ऐन वेळेला होतं. ठाकुरांच्या वेळचा 28 डिसेंबर तुम्ही पाहिलात. जपानने 50 ची 70 वर्षं केली ती 30 डिसेंबर 2018 पासून. तिथे 1968 साली गेलेले लेखक, म्हणजे तुमच्या आजोबांच्याच वर्षी गेलेले, दोन दिवसांनी मोकळे व्हायचे होते. आता ते 2039 मध्ये होतील. 'आओझोरा बुंको' नावाचं एक मोफत ग्रंथालय तिथे 1997 पासून आहे. जुनी पुस्तकं स्वयंसेवक घरी बसून टाइप करतात, तपासतात आणि मुदत संपली की खुली करतात. पुढच्या वीस वर्षांत नव्याने खुले होणारे लेखक त्यांच्यापुरते थांबले. कॅनडाने हेच केलं 30 डिसेंबर 2022 ला. जो लेखक तिथे 2023 च्या पहिल्या दिवशी मोकळा होणार होता, तो आता 2043 मध्ये होईल. वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला दारात आल्यावर परत पाठवायचं, याला न्याय म्हणवत नाही.

दादांचा मुद्दाही मी सोडत नाही, कारण त्यात तथ्य आहे. ते कष्टांबद्दल बोलतात. लेखकाचे कष्ट खरेच आहेत, आणि बहुतेक लेखकांना हयातीत त्यांचा मोबदला मिळत नाही हेही खरं. पण मुदत वाढवून तो मोबदला आजोबांपर्यंत पोचतो का? मुदत वाढवण्यामागचं नेहमीचं कारण असतं की त्याने लिहिणाऱ्याला उत्तेजन मिळतं. जे अजून लिहायचंय त्याबद्दल हे एकवेळ मानू. जे लिहून झालंय त्याला उत्तेजन कसं देणार? 1968 साली गेलेल्या माणसाकडून कोणताही कायदा आणखी एक ओळ लिहून घेऊ शकत नाही. अमेरिकेत 1998 मध्ये जुन्या-नव्या सगळ्याच कृतींना वीस वर्षं वाढवून दिली. जुनी पुस्तकं इंटरनेटवर मोफत ठेवणारे एरिक एल्ड्रेड त्याविरुद्ध कोर्टात गेले. तेव्हा सतरा अर्थतज्ज्ञांनी न्यायालयापुढे निवेदन दिलं होतं. त्यांत पाच जण नोबेल मिळवलेले होते, मिल्टन फ्रीडमनही होते. त्यांचा हिशोब साधा होता. इतक्या उशिरा येणाऱ्या पैशांचं आजचं मोल काढलं तर नव्या लेखकाच्या पदरातही या वीस वर्षांमुळे जेमतेम एक टक्का जास्त पडतो. जुन्या लेखनाच्या बाबतीत तर उत्तेजनाचा प्रश्नच येत नाही. त्याच खटल्यात न्यायमूर्ती ब्रेयर यांनी आपल्या भिन्नमतपत्रात आणखी एक आकडा नोंदवला आहे. 55 ते 75 वर्षं जुन्या कृतींपैकी फक्त दोन टक्क्यांच्या आसपास कृतींना बाजारात काही किंमत उरलेली असते. त्या दोन टक्क्यांसाठी उरलेल्या अठ्ठ्याण्णव कुलुपात जातात. तुमचे पाच संग्रह त्या अठ्ठ्याण्णवांतले.

खटला एल्ड्रेड हरले. 15 जानेवारी 2003 ला सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. दादांच्या वाचनात हे आलं तर ते म्हणतील, बघ, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, न्यायालयाने म्हटलं की असा कायदा करायचा अधिकार संसदेला आहे, तो शहाणपणाचा आहे की नाही हे ठरवणं आमचं काम नाही. तुम्ही मला विचारलंय ते न्यायाचं आहे का, म्हणून त्या निकालाने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. जी पुस्तकं तिथे 1923 साली निघाली आणि 1 जानेवारी 1999 ला मोकळी व्हायची होती, ती त्या कायद्यामुळे 1 जानेवारी 2019 ला झाली. मधली वीस वर्षं, मुदत भरली म्हणून छापील पुस्तक मोकळं होणंच तिथे बंद होतं.

वाढीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र मला खरोखर विचार करायला लावतो. तो असा, की उद्या लिहिणाऱ्याला सत्तर वर्षं आणि काल लिहिलेल्याला साठ, हा लेखका-लेखकांत भेद नाही का? वरवर पाहता आहे. एल्ड्रेडच्या निकालातही हा विचार आलेला आहे. पण काल लिहिलेल्याने आपल्या अटी स्वीकारून लिहिलं आणि त्याच्याकडून द्यायचं ते देऊन झालं. उद्याच्या माणसाशी व्यवहार अजून व्हायचा आहे, तो नव्या अटींवर होऊ शकतो. भाडेपट्टा वीस वर्षांचा करून दिला आणि शेजाऱ्याला पुढे तीस वर्षांचा मिळाला, म्हणून आपला आपोआप तीसचा होत नाही. हयात लेखक-कलावंतांच्या बाबतीत मी थोडी सैल होईन. युरोपने 2011 मध्ये ध्वनिमुद्रणांची मुदत 50 वरून 70 केली तेव्हा कारण हे होतं की विशीत गायलेली-वाजवलेली माणसं म्हातारपणी जिवंत असतानाच त्यांचं उत्पन्न बंद होत होतं. आणि तिथे वाढीसोबत अटी घातल्या. साथीच्या वादकांसाठी कंपन्यांनी त्या ध्वनिमुद्रणांच्या उत्पन्नातला 20 टक्के भाग बाजूला ठेवायचा. कंपनी रेकॉर्ड विकत नसेल तर कलावंताला करार मोडून हक्क परत घेता येईल. जुन्या कामाची मुदत वाढवायचीच झाली तर निदान एवढी लाज बाळगावी.

याहून जुना आणि मला फार आवडणारा दाखला इंग्लंडचा आहे. 1841 मध्ये तिथे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं मुदत करावी असा प्रस्ताव आला. इतिहासकार आणि खासदार मेकॉलेने सभागृहात विचारलं, कोशकार डॉ. जॉन्सन जाऊन 56 वर्षं झाली, हक्क आज चालू असता तर तो कोणाच्या हातात असता? कुठल्या तरी पुस्तकविक्रेत्याच्या. आणि आपल्या पश्चात अर्ध्या शतकाने कोणा अनोळखी माणसाला पैसे मिळतील, या विचाराने जॉन्सनला त्याच्या हलाखीत काही दिलासा मिळाला असता का? प्रस्ताव पडला. पुढच्या वर्षी, 1842 मध्ये बऱ्याच कमी मुदतीचा कायदा झाला आणि त्यात जुन्या पुस्तकांसाठी एक कलम होतं. वाढीव मुदत जुन्या पुस्तकांनाही मिळेल, पण ज्याने हक्क विकत घेतलाय त्याला आपोआप मिळणार नाही. 'नैसर्गिक प्रेम आणि माया' याखेरीज इतर मोबदल्यात ज्याच्याकडे हक्क आला असेल, त्याच्याकडचा हक्क जुन्या मुदतीलाच संपेल. लेखकाने किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांनी प्रकाशकासोबत संमती देऊन तशी नोंद केली तरच वाढ मिळेल. कायद्याच्या पुस्तकात प्रेम आणि माया हे शब्द आहेत, ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पान मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. वाढवलेली वर्षं कोणाची, हा प्रश्न तेव्हाच्या लोकांनी कायदा लिहितानाच विचारला होता.

तो प्रश्न आता तुम्ही निवेदनाला विचारा. त्यात वाढीव दहा वर्षांचा हक्क वारसांकडे परत येईल असं कुठे म्हटलंय का? पाच संग्रह दोन वर्षांत पुन्हा छापू, नाही तर हक्क सोडू, असं कुठे म्हटलंय का? तुमच्या पत्रात तरी तसं काही दिसत नाही. तसं नसेल तर सही तुमची आणि वर्षं दुसऱ्याची. आणि मुदत संपलेल्या पुस्तकांनाही पुन्हा कॉपीराइट द्यावा अशी ओळ त्यात असेल, तर ती आणखी वाईट. हेही जगात झालं आहे. ठाकूर गेले त्याच वर्षी जेम्स जॉइस आणि व्हर्जिनिया वुल्फ गेले. इंग्लंडमध्ये दोघांचं लेखन 1992 च्या सुरुवातीला मोकळं झालं. मग युरोपने सगळीकडे 70 वर्षं केली आणि तीन-चार वर्षं मोकळं असलेलं लेखन पुन्हा बंद झालं. अमेरिकेत परदेशी कृतींना 1994 च्या कायद्याने असाच हक्क परत दिला. संगीत-संचालक लॉरेन्स गोलन त्याविरुद्ध लढले, कारण शॉस्ताकोविच, प्रोकोफिएव या रशियन संगीतकारांच्या ज्या रचना त्यांचे वाद्यवृंद मोकळेपणी वाजवत होते त्यांना पुन्हा परवानगी लागायला लागली. 2012 मध्ये तेही हरले.

आता तुमच्या घरातलं.

आजोबांचा करारनामा शोधा. मूळ कागद नसेल तर प्रकाशकांकडे प्रत मागा, वारस म्हणून ती मागायला काहीच हरकत नाही. त्यात हक्क कायमचे दिलेत, मुदतीसाठी दिलेत की फक्त एका आवृत्तीचे, हे बघा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांचा धरायचा, असा नियम आपल्याकडे आहे. पण तो 1994 च्या दुरुस्तीनंतरच्या करारांना लागू होतो. आजोबांचा करार त्याआधीचा, त्यामुळे त्यातले शब्दच धरावे लागतील. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवा. सातही संग्रहांचा एकच करार असेल असंही नाही. मिळत नसलेल्या पाचांपैकी काहींचे हक्क कदाचित आजही तुमच्या दोघांकडेच असतील.

शिक्षकांचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त हुरहुर लागली, कारण त्यांना जे करायचंय त्यातल्या मोठ्या भागासाठी थांबायची गरजच नाही. 2012 च्या दुरुस्तीपासून, अपंग व्यक्तींना वाचता-ऐकता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करून ते त्यांना अभ्यासासाठी किंवा वैयक्तिक वापरासाठी देणं हे आपल्या कायद्यात कॉपीराइटचं उल्लंघन नाही. अंध मुलांसाठी त्यांनी उद्या सकाळी रेकॉर्डिंग सुरू केलं तरी कोणाची परवानगी लागत नाही. सगळ्यांसाठी खुलं करायचं तेव्हाच मुदतीचा किंवा परवानगीचा प्रश्न येतो. आणि ज्या संग्रहांचे हक्क तुमच्याकडे निघतील, त्यांची परवानगी तुम्ही आणि दादा आत्ताच देऊ शकता. दोघांचीही लेखी संमती हवी, एकाची पुरत नाही.

मुदत संपली की कोणीही आजोबांच्या कथांची मोडतोड करेल, अशी भीती दादांना असेल. पत्रात तसं नाही, पण वारसांच्या मनात ती बहुतेक वेळा असते. त्यांना सांगा की लेखक म्हणून नाव लागण्याचा आणि लेखकाच्या लौकिकाला बाधा येईल असा विपर्यास थांबवण्याचा अधिकार आपल्या कायद्यात वेगळा आहे. तो वारसांना बजावता येतो आणि 2012 पासून त्याला कॉपीराइटच्या मुदतीची मर्यादा राहिलेली नाही. आणि 2029 पासून तुमच्या प्रकाशकांनाही ती दोन पुस्तकं छापायला कोणी अडवणार नाही. इतरही छापू शकतील, एवढंच. चांगली काढली तर लोक त्यांचीच घेतील.

मग राहिली ट्रंक. दादांना आजोबांच्या कष्टांसाठी खरंच काही करायचं असेल तर ते तिच्यात आहे. जे लेखन लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही, त्याची मुदत आपल्याकडे मृत्यूपासून मोजत नाहीत. ते पहिल्यांदा प्रसिद्ध होईल, त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. म्हणजे त्या वह्यांतल्या कथा तुम्ही आता छापल्या तर त्यांना पूर्ण साठ वर्षं मिळतील, कायदा बदलायला न लावता. इथे वाचकाला काहीतरी नवं मिळतंय आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला हक्क मिळतोय. छापलेल्या कोणत्या आणि न छापलेल्या कोणत्या हे नीट पडताळून घ्या. मासिकात एकदा आलेली कथा 'अप्रकाशित' धरता येत नाही, आणि आजोबांनी एखादी जाहीर कार्यक्रमात वाचली असेल तर तेही वकिलांना सांगा.

ट्रंक उघडाल तेव्हा वह्या एकदम सपाट उघडू नका, जुनी शिवण सुटते. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही अशा जागी ठेवून आधी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो घ्या. कोरी पानं आणि मलपृष्ठंही घ्या, कारण लेखक तारखा आणि मासिकांची नावं बहुतेकदा तिथेच टिपून ठेवतात. शाई फिकट झाली असेल तर जी वह्यांची पानं आज वाचता येतात त्यांच्यापासून सुरुवात नको, ज्या सगळ्यात पुसट आहेत त्या आधी घ्या. हे काम दादांसोबत बसून करा. आजोबांचं अक्षर तुम्हा दोघांपैकी कोणाला जास्त लागतं, ते त्या दिवशी कळेल.

निवेदन परत पाठवताना भांडायला नको. 'नव्या लेखनाबद्दल माझी हरकत नाही, जुन्या पुस्तकांना ही वाढ लावू नये असं मला वाटतं, म्हणून सही करत नाही' एवढ्या दोन ओळी पुरेत. त्याच पत्रात खाली पाच संग्रहांची नावं लिहा आणि ते पुन्हा कधी निघणार हे विचारा. आणि शिक्षकांना याच आठवड्यात उत्तर पाठवा. त्यांना कोणती कथा पहिल्यांदा वाचायची आहे, ते जरूर विचारा.